ताईला आणायला गेलो, कोझिकोडला

नाशिक रोडला गाडीत बसलो तेव्हाच मी दमलेला होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुठे मी कुरकुरलो तर वाचणाऱ्याने त्या शहराला बोल लावू नये. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. हंगाम संपला, लगोलग एप्रिलची खरड छाटणी उरकली, आणि आता जरा पाठ टेकावी म्हटलं तर आईने फर्मान काढलं, "ताईला घेऊन ये."

ताई ही माझी थोरली बहीण. देवळाली कॅम्पात मावशीकडे शिकायला होती, तिथे तोफखान्यातल्या एका मल्याळी जवानाशी तिने लग्न केलं. घरात तेव्हा बरीच आदळआपट झाली, मग पुढे दाजी सगळ्यांना आवडायला लागले. निवृत्त झाल्यावर दोघं दाजींच्या गावी, केरळात कोझिकोडला जाऊन राहिले. यंदा हिवाळ्यात दाजी गेले; ऐन द्राक्षहंगामात आमच्यातलं कोणी जाऊ शकलं नाही. एक मुलगी, ती मस्कतला. ताई घरात एकटी. आईने ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, आणि मनात एकच, लेक डोळ्यांसमोर पाहिजे. तिने खालची खोली रंगवून घेतली, खाटेवर नवी गादी टाकून घेतली. परतीची दोन तिकिटं काढूनच मी निघालो.

कोकणातले बोगदे संपता संपत नाहीत. मंगळूर मागे पडलं आणि हवा बदलली. ओली, अंगाला चिकटणारी. द्राक्षवाल्याला असली हवा बघवत नाही. आमच्याकडे अशी हवा दोन दिवस राहिली की पानावर डावण्या (बुरशीचा रोग) उतरतो आणि माणूस जेवण अर्धं टाकून फवारणीला पळतो. माझा हात आपोआप मोबाइलवर हवामान बघायला गेला. समोरच्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "बारिश आएगी?"

"नहीं," मी म्हटलं, "आदत है."

सकाळी उतरलो. शहर म्हटलं की आपल्याला आधी इमारती दिसतात. इथे नारळ दिसतात, फणस दिसतात, त्यांच्यामागून कुठेतरी कौलं डोकावतात. स्टेशनाबाहेर येऊन दहा पावलं चाललो तोच बनियन पाठीला चिकटला. पाट्यांवरची अक्षरं सगळी गोल, एकही ओळखीचं नाही. माणसं मात्र शांत. रिक्षावाल्यांनी अंगावर झडप घातली नाही, रांगेत उभे होते. लुंगी दुमडून गुडघ्यावर बांधलेल्या एकाला मी पत्ता दाखवला. त्याने वाचला आणि विचारलं, "चपाती चेच्ची?"

चेच्ची म्हणजे ताई, एवढं मला ठाऊक होतं. "चपाती नहीं," मी म्हटलं, "हमारी बहन." तो मान हलवून हसला. मला त्याच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

रस्त्यात एका दुकानापुढे मोठ्या कढईत केळ्याचे काप तळत होते आणि खोबरेल तेलाचा वास सगळ्या गल्लीत भरलेला. आपण जे डोक्याला लावतो त्यात ही माणसं तळतात. उपाशी पोटी मला ते काही सोसलं नाही, नाकाला रुमाल लावून बसलो.

घर जांभ्या दगडाचं, पुढे लहानसं अंगण. दार उघडं, आत कोणी नाही. मागच्या पडवीतून बायकांचे आवाज आले. डोकावलो तर पाच-सहा बायका बसलेल्या. मी ताडलं, दुखवट्याला आल्या. आपल्याकडे दुखवट्याला गेलेला माणूस हसत बोलत नाही, गुमान समोर जाऊन बसतो. मीही टोपी काढली, मांडीवर ठेवली, भिंतीला टेकून बसलो आणि खाली मान घातली. बायका एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळाने, रीत म्हणून, मी सुस्कारा टाकून म्हटलं, "बहुत बुरा हुआ."

एक बाई घाबरीघुबरी उठली. तिने बाजूच्या थप्पीतली एक चपाती उचलली, उजेडाकडे धरून उलटसुलट बघितली, आणि माझ्यापुढे केली. तेव्हा कुठे मी वर बघितलं. पोळपाट, लाटणी, कणकेची परात, आणि पलीकडे ओळीने पेटलेले तवे.

तेवढ्यात पिठाची पिशवी घेऊन ताई आली. गाऊनवर खांद्याला टॉवेल, केस पांढरे, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तिने मला बघितलं, पिशवी तिथेच सोडली आणि तसेच पिठाचे हात माझ्या गळ्यात टाकून रडली. मीही रडलो. बायका लाटणी घेऊन तशाच उभ्या. मग त्यांनी माझ्याकडे आणि चपातीकडे बोट करत ताईला काही विचारलं, ताईने त्यांना काहीतरी सांगितलं आणि त्यांतली एक जण तोंडावर पदर धरून इतकी हसली की ताईलाही हसू फुटलं. त्यांना वाटलं होतं मी चपात्यांची तक्रार घेऊन आलो; मी दुखवट्याला बसलो होतो हे तिने सांगितलं असणार.

खरं सांगायचं तर मला राग आला. वाटेत सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसलेली, सुकलेली ताई होती. तिला आधार द्यायला मी एवढा लांब आलो, तर इथे कारखाना चाललेला.

दुपारी जेवायला लाल, जाड दाण्याचा भात आणि नारळाच्या रसातले मासे. मासे झकास होते. पाण्याचा पेला बघून मात्र मी थबकलो. गुलाबी पाणी, आणि तेही कोमट. आमच्याकडे विहिरीत औषध टाकलं की पाण्याला असा रंग येतो.

"पी रे बाळ्या," ताई म्हणाली. "झाडाची साल उकळलेली हाय. इथं समदे हेच पितात."

"ह्या उकाड्यात गरम पाणी?"

"उकाड्यातच. पिऊन बघ, मग बोल."

प्यायलो. ओरड करण्यासारखं काही नव्हतं.

जेवताना तिने सगळं सांगितलं. इथे घरोघरी रात्री चपाती लागते, पण लाटायचा कंटाळा. दाजी निवृत्त झाल्यावर तिने शेजारणीला धरून सुरुवात केली; आता अर्धवट भाजलेल्या चपात्यांची पाकिटं दुकानांत जातात. दाजी स्कूटरवर पोचवायचे. आता स्कूटर शेजारीण चालवते.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. वाळूत माणसंच माणसं, आणि गाड्यांवर बरण्यांत मिठाच्या पाण्यात घातलेली कैरी, अननस, आवळे. ताईने मला तिखट लावलेली अननसाची फोड दिली. वारा होता पण तोही दमट, घाम काही जात नव्हता. सूर्य पाण्यात उतरला, लोकांनी फोटो काढले. मी म्हटलं, "ताई, चल घरी. आई वाट बघते. खोली रंगवून ठेवलीये तिनं."

"येऊन काय करू?"

"काही करू नको. आईपाशी बस."

"तेच नाय जमत आता. हे गेले तेव्हा बसलेच होते की. येणारा जाणारा म्हणायचा, बसा, बसा. बसून डोकं फिरायची पाळी आली. एक दिवस तवा ठेवला, तेव्हा भूक लागली मला." ती समुद्राकडे बघत होती. "तिकडं आले तर मी पाहुणी. चार दिवस लाड, मग तुझी बायको नि मी एका चुलीपुढं. ती चांगली हाय, पण कशाला?"

"आणि आई?"

तिचे डोळे भरून आले. "आईची रोज आठवण येती रे. तिला बघायला जीव तुटतो. दिवाळीला येईन, चार दिवस. पण राहायला नाय."

"दिवाळीपर्यंत तिनं कसं काढायचं? मी काय सांगू तिला?"

"खरं ते सांग."

पुढे दोन दिवस मी तेच तेच बोललो, चिडून, समजावून, गयावया करून. ती ऐकायची, लाटायची, आणि माझ्या पानात आणखी एक चपाती टाकायची. तिसऱ्या दिवशी ती मला स्टेशनवर सोडायला आली. गाडी हलली, ती फलाटावरच राहिली.

ताईच्या बर्थवर कन्नूरला एक माणूस येऊन आडवा झाला. भांडायची ताकद नव्हती. रात्रभर विचार करत राहिलो. प्रवासाला जाणारा माणूस दुसरा मुलूख बघायला जातो. मी माझंच माणूस बघायला गेलो होतो, आणि ते त्या मुलखाचं झालेलं होतं. शहर वाईट नव्हतं, एवढंच दुःख. वाईट असतं तर तिला ओढून आणता आलं असतं.

घरी पोचलो तर आई पडवीत खुर्ची टाकून बसलेली. तिने माझ्या मागे रिक्षाकडे बघितलं. रिक्षा वळून निघून गेली.

"नाही आली," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं, पडवी, तवे, बायका, दिवाळी. माझा आवाज मध्येच चढला, मध्येच बसला. ती ऐकत होती.

"चपात्या?" ती शेवटी म्हणाली. "तिला कुठं गोल येत होत्या?"

"आता येतात."

"जेवती का नीट?"

"जेवते."

आईने गुडघ्यावरून हात फिरवला. "लय उकडतं का रे तिथं?"

"लय. अंगावरचं कापड वाळत नाही."

"मग सुनेला सांग, माझी पातळ लुगडी काढ म्हणावं," आई म्हणाली. "या जाड लुगड्यांत माझा जीव जाईल तिथं."

मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.