एटेल्काकाकूंची फिकी कादार्का

गाराई एटेल्काकाकू सव्वीस वर्षं विधवा होत्या आणि तेवढीच वर्षं हंगेरीतल्या अख्ख्या सेक्सार्ड गावाशी भांडत होत्या. भांडण एकाच गोष्टीवरून, उतारावरच्या त्यांच्या कादार्का द्राक्षाच्या अकरा ओळींवरून. साल पातळ, पिकायला उशीर, ऑक्टोबरात पाऊस लागला की घडच्या घड कुजणार. तारेवर चढवायची सोय नाही, एकेक वेल काठीला बांधायची. थंडीआधी प्रत्येक वेलीवर मातीची भर घालायची, वसंतात ती पुन्हा उकरायची. हे सगळं काकू एकट्या करत. एवढं करून वाइन निघे ती फिकी.

"ग्लासातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं," सहकारी संस्थेचा अध्यक्ष व्हेंडेल म्हणे.

"मग वाच की मेल्या! तेवढीच अक्कल येईल."

१९७३च्या सुगीत मात्र व्हेंडेलने चेष्टा सोडली. संस्थेला अख्ख्या उतारावर ट्रॅक्टर फिरेल असं गडद रंगाचं नवं वाण लावायचं होतं आणि काकूंच्या ओळी नेमक्या मधे येत होत्या. त्या उपटायच्या हुकमावर सही करायला पक्षाच्या वरच्या कचेरीतून कॉम्रेड होल्लोशी येणार होते. त्यांना जेवायला माशाचं तिखट सूप हवं होतं, आणि ते काकूंसारखं गावात कुणाला जमत नव्हतं. जिच्या वेली उपटायच्या तिच्याच हातचं खायचं! लाज नावाची गोष्ट व्हेंडेलच्या घरी कधी फिरकलीच नव्हती.

"जाणार तू?" शेजारणीने विचारलं.

"न जाऊन त्यांचं काम सोपं करू?" काकू म्हणाल्या आणि आपली वाइनची सुरई घेऊन निघाल्या.

संस्थेच्या अंगणात हंडा टांगला होता. आत कार्प माशाचे तुकडे, कांदा आणि लालभडक पॅप्रिका मिरची रटरटत होती. या सुपात पळी घालायची नसते, मासा मोडतो. हंडाच कडीला धरून हलवायचा. होल्लोशी शिकलेले बुडापेस्टात. मदतीच्या उत्साहात त्यांनी पळी उचलली आणि घुसळायला घेतलं. काकूंनी फाडकन त्यांच्या मनगटावर फटका मारला. व्हेंडेल पांढराफटक पडला.

"कॉम्रेड, कागदावर हव्या तेवढ्या सह्या करा. माझ्या हंड्यात हात घालायचा नाही."

होल्लोशी मनगट चोळत बाकावर जाऊन बसले. सूप वाढलं गेलं, व्हेंडेलने लगबगीने संस्थेची काळीभोर वाइन ओतली. तिखट घासावर होल्लोशींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पॅप्रिकावर ती कडूजहर लागत होती. काकूंनी न विचारता त्यांचा ग्लास गवतात रिकामा केला आणि कादार्का भरली.

"माशाबरोबर पुन्हा लालच? पांढरी पितात ना?" होल्लोशी म्हणाले.

"पुस्तकात नाही का लिहिलेलं? प्या आधी."

ते प्यायले. तिच्या आंबटपणाने जिभेवरचा तेलकटपणा धुऊन गेला, मागे मिरपुडीसारखी किंचित चव राहिली आणि मासा पुन्हा गोड लागू लागला. वाडगा बघता बघता रिकामा झाला. त्यांनी तो पुढे केला. काकूंनी घेतला, पण भरला नाही.

"आधी माझ्या ओळींचं बोला."

होल्लोशींना हसू आलं. "बरं. तुमच्या हयातीपर्यंत राहू देत."

"कॉम्रेड, पण ट्रॅक्टर..." व्हेंडेल कळवळला.

"वळसा घालेल ट्रॅक्टर."

"माझी हयात नको," काकू म्हणाल्या. "मी एकोणसत्तर वर्षांची. हा व्हेंडेल रोज सकाळी खिडकीतून डोकावेल, म्हातारी उठली का बघायला. वेलींच्या हयातीपर्यंत लिहा."

"अहो काकू, वेली शंभर शंभर वर्षं जगतात!" होल्लोशी म्हणाले.

"माहीत आहे मला. म्हणून तर मागतेय."

होल्लोशींनी काकूंच्या हातातल्या वाडग्याकडे पाहिलं, मग हुकूम काढला, छापलेला मजकूर खोडला आणि खाली स्वतःच्या अक्षरात 'वेलींच्या हयातीपर्यंत' ही ओळ लिहून सही केली. काकूंनी ती दोनदा वाचली.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.