महादूचं साल

लोक विचारतात, गुरुजी, तुमच्यापाशी एवढे किस्से येतात कुठून? अहो, येत नाहीत, चिकटतात. पावसाळ्यानंतर गवतातून चाललं की धोतराला कुसळं लागतात, आणि घरी आल्यावर कळतं. बहुतेक काढून टाकता येतात. एखादं मात्र पायात रुततं आणि ते काही निघत नाही.

आम्हाला ही कुसळं लागली स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. दिल्लीत देशाची घटना लिहिणं चाललं होतं. वाशीमच्या आमच्या वाचनालयात वसंतराव वकिलांच्या मनात आलं, की आपणही खेड्यापाड्यातल्या लोकांचं मत घ्यावं आणि दिल्लीला पाठवावं. कमिटी तिघांची: वसंतराव, उर्दू शाळेचे शेख मास्तर आणि मराठी शाळेचा मी. सुट्टी मिळाली की निघायचं.

फॉर्मवर प्रश्न दोनच. एक, माणसाने माणसाचा मालक असावे काय? दोन, नव्या देशाच्या पायाभरणीत पहिला शब्द कोणता घालावा, स्वातंत्र्य, समता की बंधुता? आणि वसंतरावांचा एक कडक नियम होता: फॉर्मवर कोणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त नंबर टाकायचा. "नाव लिहिलं की माणूस घाबरतो," असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा फार पटलं होतं.

* * *

नंबर एक केनवडच्या बाजारात मिळाला. एक म्हातारी माळीण वांगी आणि मेथी घेऊन बसली होती. वसंतरावांनी घसा खाकरून पहिला प्रश्न वाचला.

"वावराचा मालक असते, बैलाचा असते," म्हातारी म्हणाली. "मानसाचा कसा असन? मानूस का खुट्याले बांधते?"

वसंतराव खूश. दुसरा प्रश्न वाचला. म्हातारीने तिन्ही शब्द पुन्हा म्हणायला लावले, मेथीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "यातला कोनताच नाही. पयले पानी लिहा. बाकीचं मंग उगवन."

शेख मास्तर "वाहवा" म्हणाले. फॉर्मवर पाण्याला जागा नव्हती, म्हणून वसंतरावांनी समासात लिहिलं.

आम्ही पुढे कुठे जाणार ते म्हातारीने विचारलं. आम्ही गावं सांगितली. "त्यातल्या एका गावात माही लेक दिली हाये," असं म्हणून तिने गाव सांगितलं, लेकीचं नाव सांगितलं. "भेटली त सांगजा, माय बरी हाये म्हनून."

आम्ही बरं म्हणालो. नाव कोणीच लिहून घेतलं नाही. नियमच तसा होता ना!

* * *

पुढच्या गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथे नांदतात. पाटलांनी सगळ्यांना पारावर आधीच बसवून ठेवलं होतं. पहिल्याला विचारलं, माणसाने माणसाचा मालक असावे काय? तो म्हणाला, "आमच्या गावात... सगळे सुखी हायेत." दुसरा तेच म्हणाला. तिसराही तेच. शब्द तेच, आणि 'गावात'नंतरचा दमही तेवढाच.

शेख मास्तरांना खोड्या करायची सवय. शेवटच्या माणसाला त्यांनी विचारलं, "चाचा, तुमचं नाव काय?"

"आमच्या गावात... सगळे सुखी हायेत."

आम्ही हसू दाबत गावाबाहेर पडलो. शिवेजवळच्या विहिरीवर एक बाई एकटीच पाणी शेंदत होती. तिथे पाटील नव्हता, पार नव्हता. आम्ही तिला काही विचारलंही नाही, नुसता रामराम केला.

मान वर न करता ती म्हणाली, "आमच्या गावात... सगळे सुखी हायेत."



* * *

एकदा जऊळक्याला रेल्वेतून उतरलो. फॉर्मची लोखंडी पेटी जड होती. स्टेशनाबाहेर चार माणसं उभी होती. वसंतरावांच्या डोक्यावरची साहेबी टोपी पाहून त्यातल्या एकाने काही न बोलता पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. साहेबाचं सामान एका गावाच्या शिवेपासून दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत फुकट वाहायचं, ही जुनी वेठ.

"अहो, आम्ही सरकार नाही," वसंतराव मागून सांगत होते.

"बरं जी," तो म्हणाला आणि चालत राहिला.

शिवेच्या दगडावर त्याने पेटी ठेवली. पलीकडे दुसरे चार जण आधीच उभे. मी विचारलं, "यांना कोणी निरोप दिला?"

"निरोप कायले लागते? पेटी निंगाली का समजते."

तिसऱ्या शिवेवर वसंतरावांनी टोपी काढून पिशवीत कोंबली. काही फरक पडला नाही. चौथ्या शिवेवर ते चिडून ओरडले, "ही वेठ बंद झाली पाहिजे! त्याच्यासाठीच तर आम्ही हिंडतोय!"

पेटीखालचा माणूस अदबीनं म्हणाला, "हो जी. पेटी उतरोली का बंद करू."

गुलामीचे प्रश्न असे चार गावं वेठीवर हिंडले. त्या दिवशी शेख मास्तर जेवले नाहीत.

* * *

आसेगावला एक म्हातारा भेटला. आम्ही प्रश्न वाचताच त्याने हात वर केला. "थांबा. मले आजलोक कोनी काही इचारलंच नाही. असं उघड्या आंगानं सांगता येत नाही." घरात गेला, आंघोळ केली, धुतलेलं पागोटं बांधून आला आणि समोर बसला. बसूनच राहिला. शेवटी म्हणाला, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो तर पागोटं बांधून तसाच बसलेला. घरचे म्हणाले, झोपलाच नाही.

"रातभर इचार केला," तो म्हणाला. "दोनीचं उत्तर सापडलं. पन देत नाही."

"का हो?"

"सत्तर वर्सात एक चीज माही झाली. थे बी तुमी घेऊन जासान त माह्यापाशी काय राह्यलं?"

वसंतरावांनी त्याला नंबर दिला आणि फॉर्म कोरा ठेवला. ते चांगलं केलं असं मला वाटतं.

* * *

माळिणीच्या लेकीच्या गावी पोचलो ते दुपारी. याही गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे उतरलो ते मोठे शेतकरी, बोलायला गोड. आम्हाला ताक पाजलं. पहिला प्रश्न ऐकून म्हणाले, "छे, छे. माह्याकडे सालगडी हायेत, गुलाम नाहीत. पाडवा ते पाडवा राह्यतात, मंग मोकळे. इचारा त्यायलेच." आणि गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "महादू!"

"जी," म्हणत एक बाई आली.

आम्ही महादूची वाट पाहत राहिलो. ती शेणाची पाटी घेऊन समोर उभीच.

मग मालकांनी उलगडून सांगितलं. तिचा नवरा महादू दसऱ्याच्या सुमारास साप चावून गेला. साल अर्धंच झालेलं. सालातला माणूस गेला की घरच्या कोणीतरी त्याचं साल पुरं करायचं आणि तोवर त्याच्याच नावानं राहायचं, अशी तिथली रीत. मध्येच आपलं नाव तोंडातून काढलं तर साल पहिल्यापासून. पाडव्याला माहेरच्या माणसाने, नाहीतर माहेरच्या तोंडून तिचं नाव ऐकलेल्याने, गोठ्याच्या दारात उभं राहून त्या नावानं हाक मारायची. तिने ओ दिली की सुटली. गुढी उतरेपर्यंत कोणी आलं नाही तर पुढचा पाडवा.

"रीत का म्या केली?" मालक म्हणाले. "बापजाद्याची हाये."

वसंतरावांनी कसाबसा तिला पहिला प्रश्न विचारला.

"मत कोनाचं पाह्यजे?" तिने विचारलं. "माह्यं का महादूचं?"

"तुमचं, बाई."

"मंग पाडव्याले या. आज मी महादू हाये."

केनवडच्या माळिणीची लेक ती हीच, हे मालकांच्या बोलण्यातून कळलं होतं, म्हणून मी तिला निरोप दिला, तुझी माय बरी आहे. तेव्हा ती एकदाच हसली. "माय येनार हाये पाडव्याले. तिनं हाक मारली का मी सुटली." एवढ्यावरच तिचे दिवस चालले होते. वसंतरावांनी फॉर्मवर एकशे बारा नंबर टाकला.

* * *

पाडव्याला आम्ही तिघं गेलो. वाटेत बैलगाडीचं चाक मोडलं, पोचेपर्यंत ऊन उतरलं. अंगणात गुढी होती. गोठ्याच्या दाराच्या आत ती गाठोडं धरून उभी होती. सकाळपासून, असं कोणी सांगितलं.

"हिची माय?" मी विचारलं.

"म्हातारी पौषातच गेली," मालक म्हणाले. "माहेरी आता कोनी नाही. तुमी आईकलं असन नाव तिच्या मायच्या तोंडून. मारा हाक."

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी शेख मास्तरांकडे. ते खाली पाहायला लागले. पेटीत शेकड्यांनी मतं होती, नाव एकही नव्हतं. केनवड लांब. मालकांचा हात गुढीच्या काठीला लागला. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिला सांगता येत नव्हतं.

मी तोंडाला आलं ते ओरडलो, "सखू!"

गोठ्यातले बैल रवंथ करायचे थांबले.

"ओ," ती म्हणाली आणि बाहेर आली.

मालकांनी मुकाट्यानं गुढी उतरवली. ती गाठोडं घेऊन आमच्या पुढे चालू लागली. गावाची शीव ओलांडली तेव्हा वसंतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी एकशे बारा नंबरचा फॉर्म काढला. "आता सांगा बाई तुमचं मत."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "गुरुजी, सखू कोन?"

"माझी बहीण," मी म्हणालो. "लहानपणीच गेली."

तिने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"मंग तिचं साल कवा सरते?"