पालथा पाटा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच हे सांगताना अजून राग येतो.

१९६२ चा उन्हाळा. आम्ही कानडी मुलखात, यशवंतपूरला राहत होतो. वडिलांनी बांधलेलं घर, मागे विहीर. शेजारची घरं एकेक करून गोदामवाल्यांनी घेतली होती. माझा थोरला भाऊ अण्णा — कॉलेजात इतिहास शिकवतो — आपलंही विकून टाकू म्हणून मागे लागला होता. आई नको म्हणत होती. मीही. वर्षभर घरात धुसफूस.

एका रविवारी दुपारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अण्णाचं भाषण होतं, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या प्राचीन शहरांवर. सगळे मिळून गेलो. स्वयंपाकघरातून शेवटी बाहेर पडली माझी बायको कमल. कुलूप मी लावलं.

अण्णा स्लाइड्स दाखवत होता. रानात उंचच उंच देवळं, पाण्याचे हौद, हजारोंची वस्ती... आणि मग शहरंच्या शहरं ओस. दुष्काळ म्हणा, लढाया म्हणा, पण पुरतं कारण कुणाला सांगता येत नाही, म्हणाला. पुढची स्लाइड एका सोडून दिलेल्या घराची. जमिनीवर दगडी पाटा, आपल्यासारखाच. पण पालथा.

पहिल्या रांगेतून आई मोठ्यानं म्हणाली, "हे आपणहून गेलेत. प्लेगात घर सोडताना माझ्या आईनंही असाच घातला होता. परत गेलो नाही आम्ही."

"आई, ते चटणी नाही, मका वाटायचे," अण्णा म्हणाला. हॉल हसला.

"मका वाटला म्हणून काय झालं? घर ते घरच."

घरी आलो. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या खिशात. आणि स्वयंपाकघरात आमचा पाटा पालथा. वरवंटा भिंतीला नीट टेकवून ठेवलेला.

मी अण्णाची कॉलर धरली. म्हातारीला घाबरवून घर विकायचं? तो पांढराफटक पडला. सकाळपासून आमच्याबरोबरच होता, हे मलाही ठाऊक होतं. पण मग दुसऱ्या कुणाची कॉलर धरायची?

आई मात्र शांत. "सरी," कानडीतच म्हणाली, "ठीक आहे. निघायचं आता."

वर्षभर नाही म्हणणारी बाई!

कमल स्वयंपाकघरातून निघाली तेव्हा पाटा सुलटाच होता. दारं, कौलं, गज... सगळं तपासलं. पाटा बाजारातल्या काट्यावर नेऊन तोलला. अठ्ठावन्न किलो. सुलटा करताना दोघा भावांना घाम फुटला होता.

घर विकलं. पुढे ते कोसळलं असतं, विहीर आटली असती, तर निदान हिशोब लागला असता. तसं काहीही झालं नाही. आज तिथं मिरचीची पोती असतात, भिंतीला एक तडा नाही. मग आम्हाला उठवलं कशाला? आणि कुणी? अण्णानं आईच्या पायांवर हात ठेवून नाही म्हटलं. तो खोटं बोलत नाही, म्हणून तर जास्त चीड.

नव्या घरात मी पाटा सिमेंटनं पक्का बसवून घेतला. आई बाजूला बसून बघत होती.

"अजून स्वल्प घाल सिमेंट," म्हणाली आणि हसली.

उलगडा आजवर झालेला नाही. कामावर निघताना मी स्वयंपाकघरात डोकावतो. पाटा सुलटाच असतो. तरी रोज बघावं लागतं, याचा राग येतो.