एडक्याचा छाप

"वाळू द्या, मग बोला," हे मावशींचं नेहमीचं वाक्य. ओल्या छापाकडे गिऱ्हाइकाचं बोट गेलं, की त्या आपला हात मध्ये घालत. नसरापुरात वेल्ह्याच्या रस्त्याला त्यांचं टीशर्ट आणि पिशव्या छापायचं दुकान होतं. वरच्या खोलीत माझं, म्हणजे तालुक्याच्या बातमीदाराचं, कार्यालय. जिन्यात शाईचा वास कायम.

सगळेच त्यांना मावशी म्हणत. काम हाताचं. फिल्मवर चित्र काढायचं, ब्लेडनं कापायचं, लाकडी चौकटीत ताणलेल्या जाळीला चिकटवायचं. मग कापलेल्या जागेतून रबराच्या पट्टीनं शाई कापडावर उतरवायची. पट्टी त्या एकदाच ओढत. दुसऱ्यांदा ओढताना मी पाहिलं नाही.

एकदा दोन भाऊ लग्नाच्या पिशवीवर कुणाचं नाव वर यावं यावरून हातघाईवर आले. मावशींनी दोघांना बाकावर बसवलं. "तुमीबी वाळा जरा," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

वेल्ह्याकडच्या एका डोंगरवस्तीचा कबड्डी संघ होता. वस्तीतली घरं मेंढरं राखणारी. संघ मैदानात उतरला की लोक ओरडत, "आली मेंढरं!" त्या वर्षी कप्तान मावशींकडे आला.

"मेंढरं म्हन्त्यात न्हवं? मग छातीवर टकरीचा एडकाच छापा. बघू कोन हसतंय."

मावशींकडे मेंढीचं एक तयार चित्र होतं, कुरळ्या लोकरीचं, गोल. त्यांनी त्याला शिंगं जोडली आणि पंधरा पांढरे टीशर्ट छापून ठेवले.

न्यायला कप्तानाची म्हातारी आई आली. तिनं एक टीशर्ट समोर धरला.

"ह्ये काय ओ?"

"एडका."

"ह्यो? ह्याच्या अंगावर लोकर हाय का कापूस? कान कुठं गेलं ह्याचं? असलं घालून पोरं गेली तर लोक दुप्पट हसत्याल."

मी जिन्यात उभा होतो. मावशी नेहमीचं वाक्य म्हणतील असं वाटलं. त्यांनी टीशर्ट हातात घेऊन पुन्हा पाहिला.

"चुकलं माजं. म्या तुमचा एडका बघितलाच न्हाई. कसा दिसतो?"

"कसा म्हंजी? एडक्यावानी."

"मग आना त्याला हितं."

सामने परवावर आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एडका टेम्पोतून उतरला. काळा, बाकदार नाकाचा, लोंबत्या कानांचा. म्हातारी त्याचं शिंग धरून उभी, मावशी समोर स्टुलावर वही घेऊन. शेअर रिक्षावाले गिऱ्हाइकं सोडून भोवती जमले.

"मावशी, आधार कार्ड काढताय का त्याचं?"

"व्हय. तुज्यापरीस नीट बसलाय त्यो."

हे खरं नव्हतं. एडका बाजूनं तोंड देत नव्हता आणि दारातली एक कोरी जाळी त्यानं शिंगानं फाडली. मावशींनी चित्र पुरं होईपर्यंत जाळीकडे पाहिलं नाही.

नवे टीशर्ट आणायला वेळ नव्हता. त्यांनी जुन्या छापावरच थोरला, भरीव काळा एडका छापला. आधीची मेंढी त्याच्या पोटाखाली झाकली गेली.

सामन्याला मी मैदानाच्या कडेला होतो. संघ उतरला तेव्हा मागून आवाज आला, "एडकं आल्यात रं, सरका!" 'मेंढरं' हा शब्द त्या दिवशी मी ऐकला नाही. दुसऱ्या फेरीत ते हरले. बातमीत फक्त निकाल आला.

गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्या. मुलीनं दुकान रिकामं केलं तेव्हा मी मदतीला होतो. काम झालं की मावशी फिल्म काढून जाळी पुन्हा वापरत, त्यामुळे भिंतीला टेकवलेल्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. एक सोडून.

"ही का ठेवली असंल आईनं?" मुलीनं विचारलं. मी ती मोटारसायकलला बांधून वस्तीवर नेली.

एडकाही मागच्या वर्षी मेला होता. म्हातारीनं चौकट दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरली. सारवलेल्या अंगणात चौकटीची सावली पडली आणि सावलीच्या मधोमध, कापलेल्या जागेतून आलेल्या उन्हाचा, एडका उमटला. बाकदार नाक, खाली लोंबणारे कान.

म्हातारीचा पाय त्याच्या तोंडाशी होता. तो तिनं मागं घेतला.