मोगऱ्याचा दोरा

चाळीस वर्षं मी वरातीत घोडी नाचवतोय. शाळा दुसरीपर्यंत, पण घोडीचं मला कुणी शिकवायचं न्हाई. तरी वाईच्या एका वरातीत एक पाव्हणा शिकवायला आलाच. फौजेत घोड्यांवर होता म्हणे. कडक इस्त्रीची पँट, पाठ ताठ, आणि घोडीला शिवायच्या आधी तिला आपल्या हाताचा वास देणार! जसा काही पोरगी बघायला आलाय.

त्या दिवशी घोडी नेमकी हटून बसली होती. हलगी कडाडतेय, वर नवरदेव घामाघूम, मी लगामाला हिसडे देतोय आणि लोक हसताहेत. चाळीस वर्षांचं नाव मातीत चाललं होतं.

"बाबा, तो काटेरी लगाम काढा. तोंड सोललंय तिचं," पाव्हणा म्हणाला.

"मग शेपूट धरून नाचवू व्हय रं गड्या?"

तो चिडला न्हाई. नवरदेवाला उतरवलं, लगाम काढला, मोगऱ्याच्या हाराचा दोरा तिच्या तोंडावरच्या म्होरकीला दोन्हीकडं लगामासारखा बांधला आणि वर बसला. म्हणाला, "हा तुटला तर चूक माझी, घोडीची न्हाई."

म्हटलं, आता पडतंय बेनं. पण घोडी मान वाकवून जागच्या जागी अशी नाचली, की हलगीवाला वाजवायचा थांबला. दोरा शाबूत.

मग त्यानं मला वर बसवून दोरा माझ्या हातात दिला. दुसऱ्याच पावलाला तो तुटला. सवयीनं मी घोडीला शिवी द्यायला तोंड उघडलं. पाव्हणा तुटलेल्या दोऱ्याकडं बघत होता.

मी तोंड मिटलं. मला त्यानं शिकवलं ते एवढंच.