लिंबाची फोड

हिंगण्याहून येणाऱ्या बसमध्ये एक कॉलेजातली मुलगी रोज शेजारी बसायची आणि मी हळूच खिडकी उघडायचे. प्रताप नगर जवळ आलं की ती लिंबाच्या फोडीनं बोटं, नखं घासायची.

“काहून वं?” एकदा विचारलं.

“मासोळ्यांवर शिकून राहिली, काकू. पोट फाडून काय खाल्लं ते पाहाचं. घरी मासोळी चालत नाही. मायले सांगतलं, पाणी तपासतो.”

परवा ती हसतच चढली. “तलावातल्या मासोळ्यांवर संशोधनाची नोकरी लागली! घरी सांगता येत नाही, म्हणून तुमाले सांगून राहिली.”

खिडकीवरचा हात मी लाजून खाली घेतला. प्रताप नगरला ती उतरताना तिचे दोन्ही हात धरून “शाब्बास” म्हणाले.

घरी आले. देवापाशी दिवा लावण्याआधी, कोणी बघत नाही असं पाहून मी हात हुंगले.

नुसता लिंबाचा वास होता.