अर्धा चकचकीत चेंडू

बातमी आली तेव्हा मी एका टाइल्सवाल्याशी भाव करत होतो. फोनवर शुभदावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. अल नहदा भागातल्या आपल्या घरी चहा पिता पिता दीपकचं हृदय थांबलं होतं. समोरचा माझा भाव मान्य करून हात पुढे करत होता.

महिना उलटला. माझा राग मात्र गेलेला नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातलं माझं बांधकाम-सामानाचं दुकान दीपकने माझ्याबरोबर उभं केलं. मी भांडून गिऱ्हाईक घालवायचो, तो काउंटरजवळच्या स्टुलावरून "हबीबी, पहले चाय" म्हणत त्याला परत आणायचा. असा माणूस ऐन कामाच्या दिवसांत एका नव्या व्यावसायिक बेसबॉल संघाचं सामान सांभाळायला निघून गेला. "तुला त्या खेळातलं काय कळतं?" मी ओरडलो. "काहीच नाही, शेठ. म्हणून तर जातोय."

पहिल्याच दिवशी या क्रिकेटवेड्याने सगळे नवे चेंडू पँटवर घासून चकचकीत केले. बेसबॉलमध्ये नेमकं उलट असतं. चेंडू हातातून सटकू नये म्हणून ओल्या मातीने चोळून त्याची चकाकी घालवतात. फेकणारा खेळाडू भडकला. दीपक मात्र मला हसत सांगत होता, "जन्मभर चमकवले, आता मळवायचा पगार मिळतो!"

संघ सीझनभर हरत राहिला. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की दीपक फोन करायचा आणि घरातलं आजारपण सांगावं तशी हार सांगायचा. मी दर वेळी म्हणायचो, "मग सोड ना, ये परत."

शेवटच्या सामन्याला मी गेलो, तो त्याला आणायलाच. सौदा मांडला. "आज हरलात तर सोमवारी दुकानात."

"आणि जिंकलो तर?"

"पुन्हा हा विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

एवढ्या हरलेल्या संघावर कुणीही असाच सौदा केला असता. पण शेवटच्या डावात कुणीतरी चेंडू कुंपणापार मारला आणि दीपक खेळाडूंच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा नाचू लागला. मग धावत माझ्याकडे आला, हातात एक चेंडू ठेवला. "अर्धा त्यांच्या पद्धतीने, अर्धा आपल्या."

मी शब्द पाळला. सीझन संपल्यावर तो अधूनमधून दुकानात यायचा, त्याच स्टुलावर बसायचा, चहा प्यायचा, रॅककडे बघत राहायचा. माझ्या जिभेवर यायचं... मी गिळून टाकायचो.

दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "पुढच्या सीझनला जायचं नाही, असं ठरलं होतं त्यांचं. रोज म्हणायचे, शेठ एकदा तरी विचारेल."

"वहिनी, मी शब्द दिला होता!"

"त्यांनी कुठे दिला होता, भाऊजी?"

हेच तर माझं दुखणं आहे. मी बांधलेला होतो, तू मोकळा होतास, दीप्या. तू बोलायचंस.

चेंडू काउंटरवर असतो. एका बाजूने मातकट, दुसऱ्या बाजूने अजून चकचकीत. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी तो हातात घेतो आणि रिकाम्या स्टुलाला मोठ्याने विचारतो, "येतोस का परत?"

दुकानातल्या माणसांना वाटतं, शेठ फोनवर कुणाशी तरी भाव करतायत.